तळ्याचं विरजण

सावळेराम आप्पांनी माझ्याकडून वीतभरसुद्धा कागद कधी घेतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहिले, तर गिऱ्हाइकाची भलामण करतोय असं कोणी म्हणायला नको.

कागद म्हणजे लिहायचा नव्हे. शेततळ्यात अंथरतात ते जाड काळं प्लास्टिक. आमच्या जुन्नर-आंबेगावात त्याला सगळे कागदच म्हणतात. मुरमात खड्डा खणायचा, त्यात कागद अंथरायचा, कडेच्या चरात त्याची टोकं पुरायची आणि पाणी सोडायचं. थेंब जिरत नाही, उन्हाळ्यात टोमॅटो जगतो. आळेफाट्याला माझं या कागदाचं दुकान आहे आणि ते मी कोणाच्या वशिल्यानं उभं केलेलं नाही. माझे आईबाप ऊसतोडीच्या टोळीतून पारगावच्या कारखान्यावर आले आणि एका हंगामानंतर परत गेलेच नाहीत. मी उसाच्या पाचटाच्या कोपीत वाढलो. आज मोठे बागायतदार माझ्या दुकानात चहा पितात आणि पाठ वळली की मला ‘टोळीवाला शेठ’ म्हणतात. मला ऐकू येतं. त्यांना मी भाव कमी करत नाही.

आप्पा पिंपरी पेंढारचे, धनगराच्या घरातले. वडील मेंढ्या घेऊन घाट उतरायचे; आप्पा मात्र एस्टीत ड्रायव्हर झाले आणि रिटायर होईपर्यंत ड्रायव्हरच राहिले. उंच, काटक माणूस. खाकी पँट घोट्याच्या वर दुमडलेली आणि पाय अनवाणी. “जल्मभर बुटात कोंडले व्हते. आता त्यांना पेन्शन दिली,” असं पायांविषयी सांगायचे. बोलण्यात सगळी एस्टी. मी एकदा दुकानात हमालावर ओरडत होतो, तर दारातून म्हणाले, “भागवतशेठ, चढ लागला की गिअर खाली टाकायचा आसतो. हॉर्न न्हाई वाजवायचा.” हमाल हसला. त्याला मी काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्या घरात शिरलं की आधी खिडकी दिसायची. खिडकीच्या फळीवर मातीचे गोळे ओळीनं मांडलेले. काळे, राखाडी, पिवळट, एखादा तांबूस. एका व्याह्यानं तिळाचा लाडू समजून त्यातला एक दाताखाली धरला होता. “सोयरीक मोडली न्हाई, पर नंतर त्यांनी आमच्याकडं चहासुदीक पाहून घेतला,” असं आप्पा सांगायचे.

ते गोळे तळ्यांच्या बुडाचे होते. आप्पांच्या गाड्या मुक्कामाच्या असायच्या, बऱ्याचशा आंबेगावच्या डोंगराकडच्या गावांना. सकाळी गाडी सोडण्याआधी ते जवळच्या तळ्यात आंघोळीला उतरायचे. बुडी मारायची आणि वर येताना मुठीत तळाची माती आणायची. तिचा गोळा वळून इंजिनच्या बॉनेटवर वाळत ठेवायचा. कंडक्टरांना वाटायचं याचं काही व्रत असेल. आप्पांना त्याचं कारण विचारलं तर सरळ उत्तर मिळायचं नाही. “वरून समदी तळी सारखीच दिसत्यात, राव. मानसाची वळख बुडाकडून करावी,” म्हणायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

त्या मातीला गाळ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मी एकदा सहज म्हणालो, “आप्पा, गाळाचे गोळे कशाला जपता?”

“गाळ? चहा गाळल्यावर उरतो त्यो गाळ. फेकायचा. हे गाळल्यालं न्हाई, हे बसल्यालं हाय. बसायला येळ लागतो. तुज्यासारख्याला न्हाई कळायचं, तू कधी बसतच न्हाईस.”

आमची ओळख झाली ती अर्थात सौद्यातून. त्यांनी रानात शेततळ्यासाठी मोठा खड्डा घेतलाय असं कळल्यावर मी पिकअप घेऊन गेलो. त्यांच्या सुनेनं, मनीषानं, चहा दिला. मुलगा चाकणला कंपनीत, त्यामुळे शेती तीच बघायची. मी भाव सांगितला. आप्पांनी कपाळावर हात मारला. मी उठलो, त्यांनी बसवलं. ते उठले, मी बसवलं. दुसरा चहा झाला. मी मालाची जाडी सांगितली, गॅरंटी सांगितली, इतरांना काय भावानं दिला तेही सांगितलं. ते खोटं होतं, पण सौद्यात ते चालतं. घाम फुटेपर्यंत माझी घासाघीस झाली. या भागात मला एवढा घासणारा माणूस भेटला नव्हता. शेवटी मी जिथं कधी उतरत नाही तिथं उतरलो आणि म्हणालो, “आप्पा, आता हात द्या.”

आप्पांनी हात मागे घेतला. “न्हाई घ्यायचा.”

“का?”

“एवढा भाव उतारला म्हंजी पयला भाव खोटा व्हता. पयला भाव खोटा तर कागद खरा कशावरून?”

मी भडकलो. घेणार नव्हतात तर दुपार का खाल्लीत, असं ओरडलो. आत मनीषा भांडी घासायची थांबली. आप्पा शांतपणे म्हणाले, “दुपार कुटं खाल्ली? खेळलो. लई दिवसांनी गडी भेटला. आणि मला हौद करायचाच न्हाई, शेठ. मला तळं करायचंय. ज्याला तळ आसतो ते तळं. तुजा त्यो हौद.”

पुढच्याच आठवड्यात ओतूरच्या बाजारात चारजणांनी मला विचारलं, “काय शेठ, हौदाचा धंदा कसाय?” तो शब्द मला अजून चिकटलेला आहे. त्याबद्दल मी आप्पांना माफ केलेलं नाही.

कागद नाही तर हा म्हातारा मुरमात पाणी कसं धरणार, हे बघायला मात्र मी गेलो. जुनं गावतळं त्या वर्षी आटलं होतं. त्याच्या मधल्या भागातली माती आप्पांनी ट्रॉलीनं आणून खड्ड्यात टाकली होती. काळीनिळी, लोण्यासारखी, कुजल्या पानांचा वास मारणारी. तिच्याखाली रानातली चिकण माती पसरलेली. सगळ्यावर पाणी मारून राड केलेली. आणि त्या राडीत आप्पांच्या मेहुण्याच्या, म्हाळूच्या, मेंढ्या चालत होत्या. सगळा कळप खड्ड्यात, काठावर कुत्रं, मध्ये म्हाळू गुडघाभर चिखलात, आणि बांधावर उभे राहून आप्पा हात करताहेत, “डाव्या बाजूला घे! त्या कोपऱ्यात कुणी पाय दिला न्हाई आजून! आरं पुढं सरका, पुढं जागा हाय!”

“दाजी, मेंढ्या हायेत, पाशिंजर न्हाईत,” म्हाळू ओरडला. “आणि लोकर चिखलानं भरली, ती कोन धुणार? तुमी?”

मेंढीचा खूर लहान, पण भार टोकावर. तो मातीला खाली दाबतो आणि कालवतो, वरून लेंड्या पडतात, त्याही त्यात मळल्या जातात. मेंढ्या रात्री रानात बसवतात हे मला माहीत होतं. रानाला खत मिळतं. तळ्यात चालवलेल्या मी पहिल्यांदा बघत होतो. मी म्हणालो, “आप्पा, चिकण माती होती ना रानात? मग गावतळ्यातली वाहून का आणली?”

“दूध हाय म्हणून दही व्हतं का? इरजण लागतं.” त्यांनी पायाच्या अंगठ्यानं ती काळीनिळी माती दाखवली. “ह्या मातीनं पानी बघितलंय. तिला म्हाईत हाय पान्याखाली कसं ऱ्हायचं. रानातली माती नवी हाय, ती ह्याच्याकडं बघून शिकंल.”

त्यांच्या या बोलण्यातलं किती खरं, ते मला माहीत नाही. मी कागद विकतो. पण त्या राडीत उभ्या असलेल्या मेंढ्यांकडे आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून मला हसायला आलं नाही, जे खरं तर यायला हवं होतं.

पहिल्या वर्षी तळं गळलं. दिवाळीला काठोकाठ होतं आणि संक्रांतीनंतर बूड दिसायला लागलं. गावानं आप्पांची टिंगल केली. मीही पिकअपमध्ये कागदाचं भेंडोळं टाकून मुद्दाम त्या बाजूनं गेलो. आप्पा तळात उभे होते. मला बघून म्हणाले, “ये. बूट काढ.”

“मी चिखलात यायला आलो नाही.”

“तू कशाला आलाईस ते दिसतंय गाडीत. बूट काढ आणि ये.”

का कोण जाणे, मी बूट काढले. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला मधोमध नेलं. तिथं अजून घोटाभर पाणी होतं. म्हणाले, डोळे मीट आणि अंगठ्यानं खाली जा. वर पातळ, दुधावरच्या सायीसारखं काही होतं. त्याखाली मऊ, थंड. त्याखाली पायाला अडवणारं घट्ट, गुळगुळीत. 

“लागलं?” आप्पांनी विचारलं.

“लागलं.”

“हे घट्ट लागतंय ते मागच्या उन्हाळ्यात नव्हतं. आपसूक झालंय. मधी झालंय, कडंला व्हायचंय. सून तरी पयल्या वर्षी घरात कुटं रुळती?” मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, “तुजी टाच ऊसतोड्याची हाय. चिरल्याली.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दंड सोडवून घेतला. ते म्हणाले, “रागावतो कशाला? माजी बघ. तू टोळीतला, मी कळपातला. आपुन दोगं पालावरचं. ह्या गावात आपला बी तळ आजून बसायचाय.”

बरोबर आणलेला कागद मी त्या दिवशी गाडीतून उतरवलासुद्धा नाही.

आप्पा चुकायचे नाहीत असं मात्र कोणी समजू नये. त्यांचं ऐकून राजुरीच्या एका शेतकऱ्यानं तसंच तळं केलं. त्याचं रान भुरभुरीत, मुरमाड. मेंढ्या चालवल्या, विरजण टाकलं, सगळं केलं, आणि पहिल्या पावसाचं पाणी आठवडाभरात गायब. तो आप्पांच्या ओट्यावर येऊन तावातावानं बोलला. आप्पांनी त्याच्या रानातल्या ढेकळाचा गोळा वळला, पाण्याच्या तांब्यात सोडला. बोलता बोलता गोळ्याची राख होऊन तळाला बसली. आप्पांनी तांब्या त्याच्यापुढे सरकवला. “हे मी आधी करायला पायजे व्हतं. तुजं बरोबर हाय, पावणं. तुला भागवतशेठकडं जायला पायजे व्हतं,” असं म्हणून त्यांनी त्याला खरंच माझ्याकडे पाठवलं. त्याच्याबरोबर निरोपही धाडला : ह्याला पहिलाच भाव खरा सांग.

मी सांगितला. राजुरीत तेव्हापासून माझा माल जातो.

आप्पांचं तळं मात्र वर्षागणिक सुधारत गेलं. कडा घट्ट झाल्या. पाण्यात शेवाळ आलं, शेवाळाला चिकटलेल्या गोगलगाई आल्या, पाणकोंबडीची जोडी आली. पाणी वैशाखाच्या तोंडापर्यंत पोचू लागलं. आप्पा कधीतरी बुडी मारून तळाची माती वर काढायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. बाहेर काढली तेव्हा निळसर काळी असायची, आणि गप्पा मारेपर्यंत तिच्या कडांना तांबूस रंग चढायचा. “बघ, वारा लागला. आता लाजायला लागली,” म्हणायचे आणि ती परत पाण्यात सोडून द्यायचे. बायको गेल्यानंतर तर त्यांचा मुक्काम बांधावरच असायचा. तिच्याविषयी ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “ती आसती तर म्हनली आसती, घरात पाय धुऊन या.”

अडचण एकच होती. टोमॅटोला पाणी लागतं ते नेमकं वैशाखात, आणि तळं तोंडापर्यंत पोचायचं, आत शिरायचं नाही. कागदाच्या तळ्यातून जिरत काहीच नाही, जे काय उडून जाईल तेवढंच. आप्पांचं तळं थोडं प्यायचं. “त्याला बी तहान आसती,” आप्पा म्हणायचे. शेजारच्या रानात माझ्या कागदावरचं पाणी उन्हात चकाकत असायचं आणि इकडे मनीषाच्या टोमॅटोचा शेवटचा तोडा दर वर्षी झाडावरच सुकायचा. ती कधी काही बोलली नाही. संध्याकाळी बांधावर यायची, पाण्याकडे बघायची, परत जायची. सासऱ्याला जेवायला वाढताना तळ्याचं कौतुकसुद्धा ऐकून घ्यायची.

मग आप्पांच्या छातीचं ऑपरेशन झालं. मुंबईला की पुण्याला करायचं यावर घरात चर्चा झाली, ते पुण्याला झालं. परत आले ते अर्धे होऊन. मी दोनदा भेटून आलो. आवाज खोल गेलेला. पण खिडकीतल्या गोळ्यांवरची धूळ पुसली नाही म्हणून मनीषाला रागावत होते, तेव्हा मला बरं वाटलं.

आणि त्या उन्हाळ्यात माझ्या हमालानं बातमी आणली : सावळेराम आप्पांच्या तळ्यात पोकलेन उतरलाय, कागद टाकतायत. कागद नारायणगावच्या दुकानातून आलाय.

मी दुकान हमालावर सोडून निघालो. रस्त्यात काय काय बोलायचं ते ठरवत होतो. एवढ्या वर्षांची ओळख, एवढे चहा, माझ्या धंद्याला लावलेलं नाव, आणि शेवटी कागद घ्यायचा तो परक्याकडून? टोळीवाल्याचा कागद नको झाला असेल. हो, तेही माझ्या मनात आलं. लोकांनी एवढ्या वेळा म्हटल्यावर ते येतंच.

आप्पा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, अंगावर उन्हातही शाल. खाली पोकलेन तळाची माती काढून कडेला ढीग घालत होता. पाणकोंबड्या कुठं गेल्या होत्या कोण जाणे.

“आप्पा, माझं दुकान जळालं होतं का?” मी लांबूनच ओरडलो.

“ये. बस.”

“बसायला नाही आलो. नारायणगाववाल्याचा माल माझ्यापेक्षा हलका आहे, तुम्हाला माहीत आहे. किती घासलंत त्याला?”

“घासलंच न्हाई. त्यानं सांगितला त्यो भाव दिला.”

मला काही कळेना. ज्या माणसानं माझी सबंध दुपार घासली, त्यानं परक्याला तोंडाला येईल तो भाव दिला? मी तसं म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं. मनीषा ढिगाजवळून आमच्याकडे बघायला लागली.

आप्पांनी दम घेतला. चार शब्द बोलायचे तर मध्ये थांबावं लागत होतं. “भागवता, तुज्याशी घासायचं तर दुपार लागती. तेवढा दम आता माज्यात न्हाई. आणि तुज्याकडून न घासता घ्यायचा...” ते थांबले. “तुला वाटलं आसतं आप्पा संपला. त्या नारायणगाववाल्याला काय वाटायचंय?”

मी खुर्चीशेजारी बांधावर बसलो.

“कुणी सांगितलं कागद टाकायला? पोरानं?” मी विचारलं.

“कुनी न्हाई. तेच तर. ह्या मनीषानं एकदा तरी म्हनावं म्हणून मी चार उन्हाळे वाट बघितली. म्हनली आसती तर भांडलो आसतो, जिकलो बी आसतो. ही बोलंचना. ही बोलली न्हाई म्हणूनच मी हारलो.” मग खाली बोट करून पोकलेनवाल्याला ओरडायचा प्रयत्न केला, पण आवाज पोचला नाही. म्हणून मला म्हणाले, “त्याला सांग, वरची साय येगळी ठिव म्हनावं. खालच्यात मिसळू नको.”

मी उठून ओरडलो. माझा आवाज पोचतो.

माती फेकायची नव्हतीच. आप्पांनी आधीच निरोप दिले होते. ज्यांची रानं चिकण आहेत, ज्यांचे गोळे तांब्यात टिकले होते, ती माणसं घमेली आणि ट्रॉल्या घेऊन आली होती. म्हाळूही आला होता. तो ज्याच्या-त्याच्याकडे कळप कधी आणायचा ते ठरवत होता, आणि लोकर कोण धुणार हे आधीच बोलून घेत होता. मनीषा ढिगावर पाणी मारत होती, माती उन्हानं चिरू नये म्हणून. एका म्हातारीनं फक्त एक तांब्याभर माती मागितली. शेततळं नव्हतं तिच्याकडे, अंगणातल्या टाक्यात कमळ लावायचं होतं. आप्पांनी मनीषाला सांगून तिला कळशी भरून दिली.

मी कोणाकडे माती मागितली नाही. मला तळं नाही. गिऱ्हाइकाकडे माल पोचवायचा होता म्हणून मी पिकअप काढली आणि कालव्याच्या कडेच्या अरुंद रस्त्याला लागलो. पुढे ट्रॉली होती. ट्रॅक्टर मनीषा चालवत होती. ट्रॉलीत काळीनिळी माती शिगोशीग, वर ओलं गोणपाट, आणि गोणपाटावर मागे तोंड करून आप्पा बसलेले. डॉक्टरांनी बहुतेक चालायलासुद्धा मनाई केली असेल. पहिली ट्रॉली पलीकडच्या वस्तीवर जात होती, तिथं खड्डा तयार होता, आणि विरजण आपल्या हातानं लावायचं म्हणून हा माणूस निघाला होता.

मी हॉर्न वाजवला. आप्पांनी हाताचा पंजा दाखवला, थांब. रस्त्याला वळण होतं. मी परत वाजवला. पंजा तसाच. दुसरा हात त्यांनी गोणपाटावर ठेवला होता, आजारी माणसाच्या अंगावर ठेवतात तसा.

वळण संपलं. समोर मोकळा रस्ता आला, जागाही होती. आप्पांनी मान वळवून ट्रॅक्टरपलीकडे नीट बघितलं आणि हात खालून वर फिरवला : ये, ये, येऊ दे पुढं.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. जूनमध्ये मी माल आणायला बाहेरगावी होतो तेव्हाच ते गेले.

त्या दिवशी त्यांनी हात करूनही मी पुढे गेलो नाही. वस्तीचा फाटा येईपर्यंत पिकअप ट्रॉलीच्या मागेच ठेवली. मातीतून गळणारं पाणी वाऱ्यानं माझ्या काचेवर येत होतं. ऊन रणरणत होतं आणि मी वायपर चालवत होतो.